बी.ए.ला राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र : कशानंतर काय करायचं, टप्प्याटप्प्याने

ऑगस्ट उलटला की आमच्या विभागाच्या दारात ठरलेली वाक्यं ऐकू यायला लागतात. "सर, मेजर बदलून मिळंल का?" "सर, स्कॉलरशिपचा फॉर्म परत आलाय." आणि परीक्षा तोंडावर आली की जर्नल हातात घेऊन, "सर, प्रयोग झालेत, फक्त लिहायचे राहिलेत." मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. माझं स्वतःचं बी.ए. याच दोन विषयांत झालं, म्हणून मानसशास्त्राची मुलंही प्रात्यक्षिकाच्या दिवसांत माझ्याकडे येऊन बसतात. या सगळ्यांची अडचण मुळात एकच असते. आधी करायचं काम मागे राहिलेलं असतं आणि मागचं आधी झालेलं असतं. म्हणून हा लेख क्रमाने लिहितो आहे. शक्यतो प्रवेशाआधी वाचा. प्रवेश झाला असेल तर जिथं आहात त्या टप्प्यापासून पुढं वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. अंबाजोगाई आणि लातूर तासाभराच्या अंतरावर असली तरी विद्यापीठं वेगळी, त्यामुळे अभ्यासक्रम आणि पेपरचे कोडही वेगळे. शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाच्या नोट्सवर अभ्यास केला आणि परीक्षेत अर्धा पेपर अनोळखी निघाला, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

## टप्पा १ : प्रवेश अर्जाआधी विषयांची चौकशी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बी.ए.ची रचना बदलली आहे. पूर्वीसारखे तीन विषय सारख्या वजनाने तिसऱ्या वर्षापर्यंत चालत नाहीत. आता एक विषय मेजर, म्हणजे मुख्य, आणि दुसरा मायनर. दर सेमिस्टरला २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट), तीन वर्षांत १२० ते १३२, आणि त्यातला सर्वात मोठा वाटा मेजरचा. राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही घेता येतील, पण एकाला पाटावर बसवावं लागेल आणि दुसऱ्याला शेजारी. मेजर कोणत्या सेमिस्टरला कायम होतो हे तुमच्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या नियमांवर असतं. ते महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात वाचा, मित्राच्या तोंडून ऐकू नका.

प्रवेश खिडकीवर जाण्याआधी विभागात जाऊन चार गोष्टी विचारा.

पहिली : मानसशास्त्र या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतो का? राज्यशास्त्र बहुतेक ठिकाणी मिळतो. मानसशास्त्राचं तसं नाही. बऱ्याच ठिकाणी तो मुळीच नसतो आणि काही ठिकाणी फक्त मायनर म्हणून असतो. एका मुलीला पहिल्या दिवसापासून मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. घरापासून जवळ म्हणून तिने असं महाविद्यालय निवडलं जिथं हा विषय मेजर म्हणून नव्हता, आणि हे तिला तिसऱ्या सेमिस्टरला कळलं. तिच्या हाती एकच उपाय उरला, दुसऱ्या महाविद्यालयात बदली. त्या धावपळीत तिचे दोन महिने गेले.

दुसरी : प्रयोगशाळा आहे का? "आहे" या उत्तरावर थांबू नका, दार उघडून बघा. कपाटात उपकरणं आहेत का, टेबलं आहेत का, शांत खोली आहे का. उपकरणांवर बोटभर धूळ असेल तर तिथं प्रयोग कसे होतात ते तुम्हालाच समजेल.

तिसरी : वेळापत्रकात राज्यशास्त्राचा तास आणि मानसशास्त्राची प्रात्यक्षिकाची बॅच एकाच वेळी तर येत नाही ना? प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सेमिस्टरभरात ३० तास द्यावे लागतात, म्हणजे साधारण आठवड्याला दोन. बॅच बहुधा दुपारी लागते. गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे विषय निवडतानाच विचारात घ्या. मुलींच्या बाबतीत मी पालकांशी हे आधीच स्पष्ट बोलतो, कारण "उशीर होतो" म्हणून प्रात्यक्षिकं बुडतात आणि मग विषयच बुडतो.

चौथी : मुक्त वैकल्पिक विषयाला, म्हणजे ओपन इलेक्टिव्हला काय मिळतं? हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. कला शाखेतली मुलं सवयीने इथंही इतिहास किंवा समाजशास्त्र लिहितात आणि अर्ज अडकतो.

मेजर कोणता ठेवावा? पुढं एम.ए. ज्यात करायचं, तो. समुपदेशन, रुग्णालय, पुनर्वसन या वाटेला जायचं असेल तर मानसशास्त्र मेजर हवंच. स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, कायदा, पंचायत राज, सामाजिक संस्था या बाजूला ओढा असेल तर राज्यशास्त्र मेजर ठेवून मानसशास्त्र मायनर घेणं मला जास्त पटतं. "मानसशास्त्राला मार्क जास्त पडतात" एवढ्या कारणावर निवड करू नका. प्रात्यक्षिकाचे गुण मेहनत करणाऱ्यालाच पडतात.

थांबा आणि तपासा : मेजर, मायनर, मुक्त वैकल्पिक, भाषा, कौशल्य आणि मूल्यवर्धन या रकान्यांसमोर विषयाचं नाव आणि कोड असा एक कागद तुमच्या हातात आहे का? तो नसेल तर फी भरू नका.

## टप्पा २ : कागदपत्रं, आणि त्यांचाही क्रम

बारावीचा निकाल लागल्यावर सगळे गुणपत्रिकेच्या मागे धावतात. उत्पन्नाचा दाखला मात्र प्रवेशाच्या गर्दीत आठवतो, आणि तेव्हा सेतूवर रांग लागलेली असते. क्रम असा ठेवा.

१. आधी नाव जुळवा. दहावीची सनद, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावापुढं "राव" आहे की नाही, जन्मतारीख तीच आहे का. फरक असेल तर आधार दुरुस्ती आत्ताच करा. पुढची सगळी पोर्टलं याच नावावर चालतात.

२. मग अपार आयडी, म्हणजे श्रेयांक पेढीचा बारा अंकी क्रमांक. तो डिजिलॉकरमधून निघतो. तुमचे श्रेयांक याच खात्यात जमा होतात. महाविद्यालय बदललं किंवा मध्येच शिक्षण थांबलं तर हेच खातं उपयोगी पडतं. एकाच मुलाचे दोन आयडी तयार झाले की श्रेयांक विखुरतात, म्हणून सायबर कॅफेत "नवीन काढून देतो" म्हटलं तर थांबा. शाळेत आधी निघालेला आहे का ते बघा.

३. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रीमीलेअर. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो. मागच्या वर्षीचा जोडला की अर्ज परत येतो.

४. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत देण्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या मंडळातून बारावी झाली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं.

५. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यातच भरा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ही मर्यादा आठ लाख आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना वेगळी आहे. तिचा अर्ज शिष्यवृत्तीच्या अर्जातच आला असं समजू नका.

सावध : बँकेत "आधार लिंक आहे" म्हणाले म्हणजे शिष्यवृत्ती त्याच खात्यात येईल असं नाही. केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी आधार सीडिंग वेगळं. पैसे ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं त्यात जातात. अनेकांचे पैसे असे कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पडून राहतात. बँकेत "डीबीटी सीडिंग या खात्याला आहे का?" असं याच शब्दांत विचारा.

अर्ज भरून काम संपत नाही. तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर परत तुमच्याकडे येतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नूतनीकरण करायला विसरू नका.

## टप्पा ३ : पहिले दोन आठवडे

पुस्तक घेण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही विषयांचा अभ्यासक्रम उतरवून छापून घ्या. प्रत्येक घटकासमोर किती तास दिलेत ते बघा. ज्याला जास्त तास, त्यावर प्रश्न जास्त. मग जुन्या पेपरांतले प्रश्न त्या त्या घटकासमोर पेन्सिलने लिहा. या एका कागदामुळे गाइडची गरज निम्मी होते.

दुसरं काम परिभाषेची वही. मराठीतून हे विषय शिकणाऱ्यांची खरी अडचण इथं असते. एका पुस्तकात "अभिसंधान" असतं, तर दुसऱ्यात "अनुबंधन". एकात "परिवर्तक", दुसऱ्यात "चल". मुलांना वाटतं या वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत चार रकाने आखा : मराठी संज्ञा, तिचा दुसरा मराठी पर्याय, इंग्रजी संज्ञा देवनागरीत, आणि स्वतःच्या शब्दांत एक ओळ. अडलं तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट बघता येतात. रोज पाच संज्ञा झाल्या तरी सेमिस्टरअखेर वही भरते. एम.ए.ला इंग्रजीतून वाचायची वेळ येते तेव्हा हीच वही हात देते.

## टप्पा ४ : राज्यशास्त्र, आधी मूळ मजकूर आणि मग नोट्स

संविधानाच्या पेपरला गाइड शेवटी. आधी "भारताचे संविधान" ही मराठी प्रत उघडा. मूलभूत अधिकार भाग ३ मध्ये, कलम १२ ते ३५. मार्गदर्शक तत्त्वं भाग ४ मध्ये, कलम ३६ ते ५१. मूलभूत कर्तव्यं भाग ४क, कलम ५१क. हे तीन भाग एकदा सलग वाचा. सगळं समजलं पाहिजे असं नाही. कलमाची भाषा कानाला सवयीची झाली की गाइडमधली चूक आपोआप खटकते. संपत्तीचा अधिकार अजून मूलभूत अधिकारांत मोजणारी उत्तरं मी दरवर्षी तपासतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून निघाला आणि कलम ३००क मध्ये गेला.

राजकीय सिद्धांताच्या पेपरमधली सगळ्यात जुनी चूक "राज्य" या शब्दाची. प्रश्न असतो राज्याच्या घटकांवर आणि उत्तर सुरू होतं "महाराष्ट्र हे राज्य" इथून. सिद्धांतातलं राज्य म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. महाराष्ट्र हे घटकराज्य आहे, त्याला सार्वभौमत्व नाही. राज्य, शासन, राष्ट्र आणि समाज या चार शब्दांतले फरक पहिल्या महिन्यात स्वतःच्या हाताने लिहून काढा.

उदाहरणं मात्र घरची द्या. भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना सगळे आंध्रचं उदाहरण देतात. आपण राहतो ती भूमीच या विषयाचं पाठ्यपुस्तक आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तरी पुढची आठ वर्षं तो हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबादचे तीन तुकडे झाले आणि मराठी बोलणारे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, मग १ मे १९६० ला महाराष्ट्रात. प्रादेशिक असमतोलावर लिहिताना कलम ३७१(२) सांगा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि त्याबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद त्यात आहे. ही मंडळं १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. एवढं तारखांसह लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतं, कारण ते पाठ केलेलं वाटत नाही.

वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवण्यात वेळ घालवू नका. बातमी वाचली की वहीत दोनच ओळी : काय घडलं आणि अभ्यासक्रमातल्या कोणत्या घटकात बसतं. राज्यपालांची बातमी असेल तर कलम १५३ पासून पुढं. सरपंचावरच्या अविश्वास ठरावाची असेल तर पंचायत राज. पक्षांतराची असेल तर दहावी अनुसूची.

तपासा : मधल्या परीक्षेआधी एखादा घटक पुस्तक बंद करून, गावातल्या न शिकलेल्या माणसाला सांगावा तसा तोंडाने सांगता येतो का? अडखळलात तर तो घटक अजून झालेला नाही.

## टप्पा ५ : मानसशास्त्र, इथं हाताने करावं लागतं

लेखी भागात एक गोंधळ सगळ्यांचा होतो : नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा. तसं नाही. प्रबलनाने वर्तन वाढतं, मग ते सकारात्मक असो की नकारात्मक. आई सारखी "बस की अभ्यासाला" म्हणते, पोरगं पुस्तक घेऊन बसलं की ती थांबते, आणि पुढच्या वेळी पोरगं लवकर बसतं. नको असलेली गोष्ट निघून गेल्यामुळे वर्तन वाढलं. हे नकारात्मक प्रबलन. वर्गात बोलल्यावर उभं केलं आणि बोलणं कमी झालं, ती शिक्षा. आधी विचारा की वर्तन वाढलं की कमी झालं. मग नाव द्या.

दुसरा गोंधळ सहसंबंध आणि कारण यांचा. समजा, ज्या गावांना टँकर जास्त लागतात तिथं शाळा सोडणारी मुलं जास्त दिसली. म्हणून टँकरमुळे शाळा सुटते का? दोन्हींच्या मागे दुष्काळ आणि स्थलांतर आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू वर्गात कसं दिसेल? हे उदाहरण एकदा डोक्यात बसलं की संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर सोपा होतो.

आता प्रात्यक्षिक. एकच प्रयोग सविस्तर सांगतो, बाकीच्यांची शिस्त तीच. म्युलर-लायर भ्रम जवळजवळ सगळीकडे असतो. पट्टीवर दोन रेषा असतात. एकीच्या टोकांना बाणाची टोकं, दुसरीच्या टोकांना पिसांसारखी बाहेर उघडलेली. लांबी सारखी असली तरी पिसांची रेषा लांब दिसते. प्रयोज्याने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतो त्याने, पिसांची रेषा सरकवून बाणांच्या रेषेएवढी करायची आणि आपण ती नेमकी किती भरली ते मोजायचं.

प्रयोगाआधी. वर्गमित्राला प्रयोज्य म्हणून घेऊ नका. त्याला भ्रम ठाऊक असतो आणि तो "हुशारीने" बरोबर जुळवतो. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतला कुणी आणा. चष्मा असेल तर लावायला सांगा. समस्या, गृहीतक आणि परिवर्तक जर्नलमध्ये आधीच लिहून ठेवा. स्वतंत्र परिवर्तक म्हणजे रेषेच्या टोकांचा प्रकार, परतंत्र परिवर्तक म्हणजे प्रयोज्याने जुळवलेली लांबी. निकाल बघून गृहीतक लिहिणं ही फसवणूक आहे, आणि तोंडी परीक्षेत ती दोन प्रश्नांत उघडी पडते.

सूचना. स्वतःच्या बोलीत, पण प्रत्येक प्रयोज्याला अक्षरशः त्याच. "ही रेषा सरकवा, दोन्ही सारख्या वाटल्या की थांबा. पट्टीने मोजायचं नाही, डोळ्यांना वाटेल तिथं थांबायचं." भ्रम हा शब्द तोंडातून काढू नका.

प्रयत्न. सरकती रेषा निम्म्या वेळी उजवीकडे आणि निम्म्या वेळी डावीकडे ठेवा. प्रत्येक बाजूला निम्मे प्रयत्न आतून बाहेर आणि निम्मे बाहेरून आत. चार प्रकारांचे पाच-पाच मिळून वीस. हे कशासाठी? हाताच्या हालचालीने होणारी चूक आणि जागेने होणारी चूक एकमेकींना भागून जावी म्हणून. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि "सरांनी सांगितलं म्हणून" हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय.

नोंद. मोजमाप प्रयोज्याला न दाखवता, लगेच, पेनाने. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ. समजा प्रमाण रेषा, म्हणजे बाणांची न हलणारी रेषा, १५० मिलिमीटरची आहे आणि चार वाचनं आली १३२, १२८, १३५, १२९. बेरीज ५२४, सरासरी १३१. म्हणजे १९ मिलिमीटर कमी. पिसांची रेषा लांब वाटली म्हणून ती आखूड असतानाच प्रयोज्याला पुरेशी वाटली. चिन्ह उणे येतं. इथं पुष्कळ मुलं अधिक लिहितात आणि निष्कर्ष उलटा जातो.

अंतर्निरीक्षण. उठण्याआधीच विचारा, "करताना काय वाटलं?" आणि त्याच्या शब्दांत लिहा. "मला प्रयोग आवडला" हे सगळ्यांच्या जर्नलमध्ये सारखं असतं. माझ्याकडच्या एका मुलीच्या जर्नलमध्ये प्रयोज्याचं वाक्य होतं, "शेवटी शेवटी मी टोकाकडं बघणं सोडलं, मधल्या दांडीकडंच बघितलं." आणि शेवटच्या पाच वाचनांत चूक खरोखर कमी झालेली होती. चर्चेत तिने तेवढंच मांडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं.

सावध : घरी बसून भरलेली वाचनं ओळखू येतात. सगळी शून्य किंवा पाचावर संपतात, एकही वाचन वेडंवाकडं नसतं. खरी माणसं अशी जुळवत नाहीत. तुमचा निकाल गृहीतकाच्या विरुद्ध आला तरी तो तसाच लिहा आणि का आला असेल ते चर्चेत मांडा. त्याचे गुण कापले जात नाहीत.

मानसशास्त्रीय चाचण्यांबद्दल दोन शब्द. रेव्हनची प्रमाणित बुद्धिमत्ता चाचणी असो की चिंता मोजणारी एखादी प्रश्नावली, तिची झेरॉक्स काढून वसतिगृहात वाटू नका आणि मैत्रिणीला "तुला नैराश्य आहे" असं सांगू नका. गुण जर्नलमध्ये नावाशिवाय, आद्याक्षरांनी. चाचणी देताना कुणी खरंच कोसळलं, रडायला लागलं, तर प्रयोग थांबवा, पाणी द्या, शिक्षकांना बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये जपून ठेवा. ज्यांच्या घरात आत्महत्या झाली आहे अशी लेकरं आपल्या वर्गात बसलेली असतात. आपण त्यांचं काही मोजायला निघतो तेव्हा ही जाण ठेवली पाहिजे.

## टप्पा ६ : क्षेत्रकार्य, दोन्ही विषय जिथं एकत्र येतात

क्षेत्र प्रकल्प हा सगळ्यात वाया जाणारा भाग. बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात पन्नास प्रश्नावल्या एकट्यानेच भरतात. त्यापेक्षा आपल्याच गावची ग्रामसभा घ्या. वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे तारीख आधी ठाऊक असते आणि तयारीला वेळ मिळतो.

१. एक महिना आधी मार्गदर्शकांकडून विषय लेखी मंजूर करून घ्या. "ग्रामीण राजकारण" हा विषय फार मोठा. "अमुक गावच्या ग्रामसभेत कोण बोलतं" हा बरोबर.

२. नियम वाचा. कलम २४३क ग्रामसभेबद्दल आहे. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. महिलांची सभा वेगळी आणि आधी घ्यायची असते. ती झाली का, तेही बघा.

३. महाविद्यालयाचं पत्र घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी भेटा. चोरून रेकॉर्डिंग करू नका.

४. निरीक्षणाचा तक्ता आधी आखा : किती जण आले, किती बाया, कोण कुठं बसलं, कोण किती वेळा बोललं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, ठराव कुणी मांडला. रजिस्टरवरच्या सह्या आणि प्रत्यक्ष बसलेली माणसं वेगवेगळी मोजा.

एका विद्यार्थ्याने अहवालात लिहिलं होतं, "महिला शांत होत्या." मी विचारलं, कुठं बसल्या होत्या? आठवून म्हणाला, मारुतीच्या देवळाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर. सभा आत सभामंडपात, कर्ण्याचं तोंड आत. म्हणजे त्यांना ऐकूच येत नव्हतं. पुढच्या सभेला तो त्यांच्याजवळ पायरीवर बसला, तर पाण्याच्या टाकीवर त्या आपसांत सतत बोलत होत्या. राज्यशास्त्राच्या भाषेत हा राजकीय सहभाग, मानसशास्त्राच्या भाषेत समूहवर्तन आणि अनुसरण. एका पायरीने त्याचा अख्खा निष्कर्ष बदलला.

५. अहवाल त्याच आठवड्यात लिहा. नावं बदला. गाव छोटं असतं, "वॉर्ड तीनमधली सदस्य" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं, तेही झाका.

तपासा : तुमच्या अहवालातलं एखादं तरी वाक्य असं आहे का, जे तिथं न गेलेल्या माणसाला लिहिताच आलं नसतं?

## टप्पा ७ : परीक्षेचा फॉर्म आणि उत्तरपत्रिका

फॉर्म भरताना टप्पा १ मधला कोडचा कागद समोर ठेवा. मायनरऐवजी दुसऱ्याच पेपरचा कोड टिचकला गेला तर हॉल तिकिटावर तो विषय येत नाही. मग शेवटच्या दिवशी विद्यापीठापर्यंत पळावं लागतं. पावती जपा. बॅकलॉग असेल तर त्याचा फॉर्म वेगळा आहे का ते विचारा. अंतर्गत परीक्षा चुकवू नका, तिचे गुण नंतर कुणीही वाढवून देऊ शकत नाही.

लिहिताना राज्यशास्त्राच्या उत्तरात आधी व्याख्या, मग कलम किंवा विचारवंत, मग उदाहरण, मग टीका. मानसशास्त्रात व्याख्या, प्रयोग किंवा सिद्धांत, आकृती, उपयोजन. मानसशास्त्राच्या उत्तरात आकृती न काढणारे फार आहेत. विस्मरणाचा वक्र काढायला एक मिनिट लागतो.

## टप्पा ८ : तिसऱ्या वर्षाची दिवाळी

पुढचा निर्णय निकालानंतर घेतला तर उशीर होतो. केंद्रीय विद्यापीठांतल्या एम.ए.साठीच्या सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे तुमचं पाचवं सेमिस्टर संपता संपता. चार वर्षांची ऑनर्स पदवी करायची की तीन वर्षांवर एम.ए.ला जायचं, हे त्याआधी ठरवा आणि आपल्या महाविद्यालयात चौथं वर्ष चालतं का ते विचारा. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला हे दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून आहेत आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात. पण दोन्ही आवडतात म्हणून दोन्हींची तयारी करू नका, वैकल्पिक एकच असतो.

मानसशास्त्रवाल्यांना एक स्पष्ट सांगतो. फक्त बी.ए.वर समुपदेशन केंद्राची पाटी लावू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. जिल्ह्याच्या गावांत नुसत्या पदवीवर उपचार करणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडून आणखी खचून परतलेली माणसंही.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की डिजिलॉकरमध्ये सहाही सेमिस्टरचे श्रेयांक दिसतात का ते मोजा. एखादं कमी असेल तर दाखला काढण्याआधी परीक्षा विभागात अर्ज द्या, कारण दाखला निघाल्यावर तुमची फाइल मागे पडते. आणि सहीशिक्क्याची जर्नलं रद्दीत घालू नका. एम.ए.च्या मुलाखतीला घेऊन जा. "बी.ए.ला कोणता प्रयोग केला?" असं विचारलं की ते पान उघडून समोर ठेवा.